डाग दिसतात, विसरणं दिसत नाही

मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे एमएसचा रुग्ण तपासायला आला की न्यूरॉलॉजिस्ट त्याला आधी चालायला लावतात. मग एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत. मग डोळे मिटून उभं राहायचं, बोट नाकाला लावायचं, गुडघ्यावर हातोडीचा ठोका, बाहुल्यांवर टॉर्चचा उजेड. या सगळ्यातून शेवटी एक आकडा निघतो. अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये आज वापरात असलेल्या रूपात मांडलेली ही ईडीएसएस मोजपट्टी शून्यापासून दहापर्यंत जाते. चारच्या पुढे तिचा सगळा भर माणूस न थांबता किती मीटर चालतो यावर असतो, आणि सहा म्हणजे हातात काठी आली.

आता तिशीतली एक बाई डोळ्यांसमोर आणा. वर्षभरापूर्वी एका डोळ्याची नजर धूसर झाली, डोळा हलवला की दुखायचा. स्टेरॉइडच्या सलाइननं नजर परत आली, एमआरआय झाला, एमएसचं नाव कळलं. आज ती जिने चढते, स्कूटर चालवते. तिचा आकडा एक किंवा दीड, म्हणजे जवळपास काहीच नाही. पण कामावर तिघं एकदम बोलायला लागले की धागा सुटतो. फोनवर सांगितलेला निरोप फोन ठेवेपर्यंत निम्मा उरतो. सकाळची गोळी घेतली ती आजची की ती आठवण कालची, याचा उलगडा होत नाही. घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेतेस म्हणून होतं.’ अशा वेळी मोजपट्टी तिच्या बाजूनं काहीच बोलत नाही. हे विसरणं खरं असतं, आजाराच्या अगदी सुरुवातीलाही असू शकतं, आणि त्याचं मूळ मेंदूतल्या एखाद्या ठिकाणापेक्षा ठिकाणाठिकाणांमधल्या जोडण्यांमध्ये शोधावं लागतं.

ही गोष्ट नवी नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराला स्वतंत्र ओळख दिली, तेव्हाच आपल्या व्याख्यानांत त्यांनी रुग्णांची स्मरणशक्ती स्पष्टपणे कमकुवत होते आणि विचार सावकाश होतात असं नोंदवून ठेवलं होतं. पुढची शंभर वर्षं मात्र हे निरीक्षण बाजूला पडलं. लुळा पडलेला पाय दिसतो, थरथरणारा हात दिसतो. सावकाश झालेला विचार मोजायचं साधन लागतं, आणि साधन नसलं की तक्रारच नाही असं मानायची वैद्यकात जुनी सवय आहे.

ती मोडणारा महत्त्वाचा अभ्यास १९९१ मध्ये आला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्टीफन राव आणि सहकाऱ्यांनी एमएस असलेली शंभर माणसं घेतली, तेवढीच निरोगी माणसं घेतली, आणि दोन्ही गटांना एकाच चाचण्या दिल्या. रुग्णांपैकी ४८ जण कमी पडले, निरोगींपैकी ५. म्हणजे आजाराच्या खात्यावर टाकावेत असे ४३ टक्के. सगळ्यात जास्त मार बसला होता तो नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याला, टिकून लक्ष देण्याला आणि चटकन शब्द सुचण्याला. भाषा आणि जुन्या आठवणी बऱ्यापैकी शाबूत होत्या. आजार किती वर्षांचा आहे यावरून कोण कमी पडेल हे सांगता येत नव्हतं, आणि शरीराच्या अपंगत्वाशीही नातं फिकटच होतं. या अभ्यासाचा दुसरा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. चालण्याफिरण्यात सारख्याच असलेल्या रुग्णांमध्ये ज्यांची स्मरणशक्ती आणि लक्ष घसरलं होतं, त्यांच्याकडे नोकरी असण्याचं आणि लोकांत मिसळण्याचं प्रमाण कमी होतं. पाय धड असूनही ही माणसं हळूहळू घरात बसत होती.

असं का होतं हे समजायला मायलिनपासून सुरुवात करावी लागते. चेतापेशीतून निघणारा लांब तंतू मायलिन या स्निग्ध थरात गुंडाळलेला असतो. मेंदूत आणि मज्जारज्जूत हा थर ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी घालतात, आणि अशी एक पेशी एकाच वेळी अनेक तंतूंचे डझनावारी तुकडे गुंडाळू शकते. त्यामुळे एक पेशी गेली की फटका अनेक तंतूंना बसतो. मायलिनच्या दोन तुकड्यांमध्ये बारीक उघडी जागा असते आणि संदेश एका उघड्या जागेवरून पुढच्या जागेवर उडी मारत जातो. जाड, मायलिन असलेल्या तंतूत तो सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास पोचू शकतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत तो सेकंदाला एक-दोन मीटरच्या घरात रेंगाळतो. विशीतल्या माणसाच्या मेंदूतले मायलिन असलेले सगळे तंतू एकापुढे एक मांडले तर लांबी दीड लाख किलोमीटरच्या पुढेमागे भरते. एमएसमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती या मायलिनवर उलटते. जिथं हल्ला होतो तिथं संदेश मंदावतो, अडखळतो किंवा थांबतो.

सुरुवातीला फक्त मायलिन जातं आणि तंतू पुष्कळ उशिरा तुटतात, असा बराच काळ समज होता. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या ब्रूस ट्रॅप यांच्या गटानं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की ताज्या, सक्रिय डागात एका घन मिलिमीटरमध्ये अकरा हजारांहून अधिक तुटलेले तंतू सापडतात. म्हणजे जोडण्या तुटणं हा शेवटचा अंक नाही, पहिल्या अंकातच ते सुरू झालेलं असतं.

आता एमआरआय. फिल्मवर पांढरे डाग दिसतात आणि रुग्ण ते मोजायला लागतो, गेल्या वर्षी किती होते, आता किती झाले. पण डागांची संख्या आणि माणसाचं जगणं यांचा मेळ बसत नाही. डागांनी भरलेल्या मेंदूचा माणूस हिशेब चोख ठेवतो आणि मोजके डाग असलेला माणूस गोंधळतो. एक कारण असं की नेहमीच्या एमआरआयला मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातले डाग चांगले दिसतात. वरच्या करड्या थरातले बहुतेक निसटतात. दुसरं कारण, डाग किती आहेत यापेक्षा ते कोणत्या रस्त्यावर पडलेत याला महत्त्व असतं.

आणि तिसरं कारण हिप्पोकॅम्पस. कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूत आत दडलेला हा छोटासा वळलेला भाग नव्या आठवणी घडवतो. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग काढला गेला आणि त्यानंतर त्याच्या मनात घडलेली कुठलीही नवी घटना टिकेनाशी झाली. हिप्पोकॅम्पसचं काम जगाला समजलं ते त्याच्यामुळे. एमएसमध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत इथलं मायलिन बऱ्याच प्रमाणात गेलेलं आढळलं आणि चेतापेशींना एकमेकींशी जोडणारे सिनॅप्सही कमी झालेले आढळले. फ्रान्समध्ये बोर्दो इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी आत जाऊन पाहिलं. एमएससारखा आजार घडवलेल्या उंदरांत अगदी सुरुवातीला हिप्पोकॅम्पसच्या एकाच कोपऱ्याला, डेंटेट गायरसला, इजा होत होती. तिथल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी खवळलेल्या होत्या, आणि मिनोसायक्लिन हे औषध देऊन त्यांना शांत केलं तर उंदरांची स्मृती वाचत होती. हे उंदरांत झालं, माणसांसाठी तो उपचार ठरलेला नाही, हे इथंच सांगून ठेवतो.

डेंटेट गायरसचं काम मोठं नाजूक आहे. दोन जवळजवळ सारख्या अनुभवांना तो वेगवेगळं ठेवतो. कालची गोळी आणि आजची गोळी, परवाची मीटिंग आणि कालची मीटिंग. त्याच बोर्दोच्या गटाला एमएसच्या सुरुवातीच्या काळातल्या माणसांत नेमकं हेच वेगळेपण राखण्याचं काम कमी पडलेलं आढळलं. वरच्या बाईची गोळीची तक्रार आता परत वाचा. ती टेन्शनची तक्रार वाटते का?

पण सगळं विसरणं हिप्पोकॅम्पसच्या माथी मारणंही बरोबर नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जॉन डीलुका आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक साधा, पण मला फार मोलाचा वाटणारा प्रयोग केला. शब्दांची यादी पाठ करायला एमएसच्या रुग्णांना जास्त वेळा ऐकावी लागली. मात्र एकदा ती दोन्ही गटांची सारखीच पाठ झाल्यावर, काही वेळानं विचारलं तेव्हा रुग्ण निरोगी माणसांइतकीच आठवत होते. म्हणजे गळती बऱ्याचदा साठवणीत नसते, आत येण्याच्या दारात असते. निरोप ऐकताना मेंदू मागच्या वाक्यावर काम करत असतो तोवर पुढचं वाक्य निघून जातं. जे आत गेलंच नाही ते उद्या आठवणार कुठून? म्हणून अशा माणसाला ‘आत्ताच तर सांगितलं होतं’ म्हणण्यानं काही साधत नाही. सावकाश, आणखी एकदा सांगितल्यानं साधतं. अल्झायमरची भीती मनात घेऊन बसलेल्या रुग्णांनी हा फरक जरूर समजून घ्यावा.

इथून जोडण्यांच्या गोष्टीकडे यावं लागतं. मेंदूत रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून कुठला भाग काम करतोय हे पाहणारं फंक्शनल एमआरआय तंत्र १९९० च्या सुमाराला सेइजी ओगावा यांच्या कामातून उभं राहिलं. १९९५ मध्ये, १९९१ च्या अभ्यासाचे राव विस्कॉन्सिनमधल्या ज्या मिलवॉकीच्या वैद्यक महाविद्यालयात होते तिथंच भारतीय वंशाचे भारत बिस्वाल यांनी एक वेगळी गोष्ट पाहिली. माणूस मशीनमध्ये काहीही न करता नुसता पडून असतानाही मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे हालचालींचे भाग एकाच लयीत चढत-उतरत होते. तोवर हा चढउतार गोंगाट म्हणून टाकून दिला जायचा. आता त्याच्यावरून मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी बोलणं चालू ठेवतात याचे नकाशे निघतात. जे भाग एका लयीत चालतात ते एका जाळ्यातले, असं धरलं जातं.

हे नकाशे एमएससारख्या लक्षणांचा पहिला झटका येऊन गेलेल्या, पण अजून एमएसचं पक्कं निदान न झालेल्या माणसांचे काढले तेव्हा अपेक्षेच्या उलटं चित्र आलं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये रोझेनडाल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशी १४ माणसं, एमएसचे ३१ रुग्ण आणि ४१ निरोगी यांची तुलना केली. पहिल्या झटक्याच्या माणसांत काही जाळ्यांमधली एकलय निरोगींपेक्षा जास्त होती. आजार पुढे गेलेल्या गटात ही वाढ नव्हती. अ‍ॅमस्टरडॅममधल्याच दुसऱ्या अभ्यासात, आठवण्याचं काम करताना, स्मृती चांगली राहिलेल्या रुग्णांचा हिप्पोकॅम्पस निरोगींपेक्षा जास्त राबताना दिसला आणि स्मृती घसरलेल्यांचा कमी.

यातून पटकन सुचणारा अर्थ दिलासा देणारा आहे. इजा झाली तर मेंदू दुसऱ्या वाटांनी काम भागवतो, म्हणून सुरुवातीला काही कळत नाही. बरेच लेख इथंच थांबतात आणि रुग्णाला मेंदूच्या लवचिकतेचं आश्वासन देऊन मोकळे होतात. मला ते पुरेसं वाटत नाही. २०११ मध्ये हॅम्बुर्गच्या हावेलेक आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे नकाशे काढले तेव्हा ज्यांच्यात ही एकलय जास्त वाढली होती त्यांचीच बौद्धिक कामगिरी जास्त खालावलेली निघाली. खंडाळ्याच्या घाटात दरड कोसळली की पुण्याकडची वाहनं माळशेज आणि ताम्हिणीला वळतात. त्या दिवशी ताम्हिणीवर दिसणारी गर्दी पाहून रस्त्यांचं जाळं उत्तम चाललंय असं कोणी म्हणणार नाही. मेंदूच्या नकाशावर वाढलेली जोडणी भरपाई असू शकते, नाइलाज असू शकतो, किंवा वेगवेगळं काम करणारे भाग आपलं वेगळेपण गमावून एकाच सुरात चालायला लागलेत असंही असू शकतं. यातलं काय खरं हे एका नकाशावरून कळत नाही. शिवाय हे बहुतेक अभ्यास लहान आहेत, वेगवेगळ्या टप्प्यांवरची वेगवेगळी माणसं शेजारी ठेवून केलेले आहेत आणि गटाची सरासरी सांगणारे आहेत. एखाद्या रुग्णाचा फंक्शनल एमआरआय काढून त्याच्या स्मृतीचं भविष्य आज कोणी सांगत असेल तर त्यावर पैसे घालवू नयेत.

अ‍ॅमस्टरडॅमच्याच मेन्नो स्खोनहाइम आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक कल्पना मांडली, ती मला आजवरच्या पुराव्याला सगळ्यात जवळची वाटते. जोडण्या एकेक करून तुटत जातात, जाळ्याची कार्यक्षमता हळूहळू उतरते, पण ठरावीक मर्यादेपर्यंत बाहेर फारसं जाणवत नाही. ती मर्यादा ओलांडली की जाळं कोसळतं, आणि स्मृती, लक्ष, वेग सगळं थोड्या काळात घसरतं. ही कल्पना बरोबर असेल तर लक्षणं नसलेला काळ हाच सगळ्यात मोलाचा ठरतो. मायलिनवरचा हल्ला थोपवणारी औषधं लवकर सुरू करण्याचा आग्रह न्यूरॉलॉजिस्ट का धरतात हेही त्यातून उमगतं.

आपल्याकडे हा आजार दुर्मीळ मानला जायचा. २०२० च्या अंदाजानुसार जगात तो सुमारे २८ लाख लोकांना होता; बहुतेकांना वीस ते चाळीसच्या वयात गाठतो, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून जास्त आढळतो. भारतात त्याचं प्रमाण युरोपपेक्षा कमीच आहे, पण मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यासह पारशी समाजात तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं. एमएस रुग्णांची मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत १९८५ मध्ये सुरू झाली. आणि अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद झाली त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. कायद्यात नाव आलं ही मोठी गोष्ट. पण धड चालणाऱ्या माणसाचा मंदावलेला विचार समोरच्याला पटवणं अजून अवघडच आहे.

आपल्या हवेचाही एक संबंध आहे. शारीरिक श्रमानंतर एमएसच्या रुग्णाची नजर तात्पुरती धूसर होते हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं; अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात हे त्यामागचं कारण पुढे कळलं. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश जाणं उष्णतेत आणखी अवघड होतं. अलीकडे अमेरिकेतल्या अभ्यासात बाहेरचं तापमान जास्त असलेल्या दिवसांत रुग्णांची बौद्धिक कामगिरीही खालावलेली दिसली. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी डोकं चालत नाही असं एखादा रुग्ण सांगतो तेव्हा ती कुरकुर समजू नये. परीक्षा, मुलाखत, बँकेची कामं सकाळी ठेवावीत.

उपचारांबद्दल खरं बोलायचं तर स्मृतीची गोळी नाही. अल्झायमरसाठीचं डोनेपेझिल एमएसमध्ये वापरून पाहिलं. छोट्या अभ्यासात आशा दिसली, पण २०११ च्या, अनेक केंद्रांत १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते साध्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. जास्त ठोस निष्कर्ष आला तो शिकवण्याच्या पद्धतीतून. न्यू जर्सीत नॅन्सी कियारावालोटी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ८६ रुग्णांचे दोन गट केले आणि एका गटाला दहा बैठकांत लक्षात ठेवायच्या गोष्टींची चित्रं मनात रंगवायला आणि सुटे शब्द एका गोष्टीत ओवायला शिकवलं. ज्यांना हे शिकवलं त्यांची शिकण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा सुधारली आणि रोजच्या जगण्यातही फरक जाणवला. आत येण्याच्या दारात होणारी गळती तिथंच थांबवण्याचा हा उपाय आहे, म्हणून तो मला पटतो. किराणा, औषधं, मुलाची फी आणि गॅसचं बुकिंग अशी यादी नुसती घोकण्यापेक्षा तिची एक छोटी, विचित्र गोष्ट करून पाहा.

आणि मोजणं. एसडीएमटी नावाची चाचणी दीड मिनिटाची आहे. वरच्या ओळीत नऊ चिन्हांपुढे नऊ आकडे दिलेले असतात; खाली नुसती चिन्हं असतात आणि प्रत्येकाचा आकडा भराभर सांगायचा. आकडे मराठीत सांगता येतात, लिहिता-वाचता येण्यावर ती इतर चाचण्यांइतकी अडत नाही, आणि विचाराचा मंदावलेला वेग ती चांगला पकडते. शब्दांच्या याद्यांच्या चाचण्यांचं तसं नाही. मराठी माणसाला इंग्रजी यादी देऊन त्याची स्मृती मोजणं अन्यायाचं आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये शिफारस केली की निदानानंतर रुग्ण स्थिर असताना एसडीएमटीसारखी चाचणी करून ठेवावी आणि मग दर वर्षी करावी. एसडीएमटीत चार गुणांची घट झाली तर ती दखल घेण्याजोगी मानतात. पहिला आकडाच नसेल तर घट कशाशी मोजणार? डॉक्टरांनी स्वतःहून चाचणी सुचवली नाही तर रुग्णानं मागावी.

घट दिसली म्हणून लगेच डागांना दोष देऊ नये. नुकताच झटका येऊन गेलाय का, झोप होतेय का, मन खचलंय का, हे आधी पाहायचं, कारण एमएसमध्ये नैराश्य फार आढळतं आणि ते बरं करता येतं. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायचं. मग औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायची. एमएसमध्ये लघवी आवरता यावी म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या स्मृती मंद करतात. त्या पट्ट्या डॉक्टरांसमोर ठेवून विचारावं, यातली कुठली बदलता येईल.